यंत्राचा ‘मी’ आणि यंत्रावरचा ताबा



शाळेत शिकविणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना एक खटला जवळजवळ रोज चालवावा लागतो. मधल्या सुट्टीत दोन मुले भांडत येतात. एक म्हणते, “ह्याने मला जोरात मारलं.” दुसरे म्हणते, “मी हळूच मारलं होतं, ह्यानंच जोरात मारलं.” आपण दोघांनाही खोटे ठरवितो, दोघांचेही कान पकडतो आणि खटला निकालात काढतो. पण समजा, ती दोन्ही मुले खरेच बोलत असतील तर?

2003 साली लंडनमधल्या काही संशोधकांनी हाच खटला प्रयोगशाळेत नेला. मुलांऐवजी त्यांनी मोठी माणसे घेतली. दोघांना बसवून एकाने दुसऱ्याच्या बोटावर दाब द्यायचा, मग दुसऱ्याने पहिल्याच्या बोटावर, अशी पाळी लावली. अट एकच. जेवढा दाब तुम्हाला जाणवला, तेवढाच परत करायचा, कमी नाही की जास्त नाही. समोरच्याला काय सांगितले आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हते. दोघांनीही इमानाने अट पाळली, असे त्यांना वाटत होते. पण यंत्राची नोंद पाहिली तर पाळीपाळीने दाब वाढतच गेला होता. म्हणजे आपण दिलेला जोर प्रत्येकाला कमी वाटत होता आणि आपल्याला मिळालेला जोर पुरता जाणवत होता. भांडणे कशी पेटतात, हे शिकायला याहून साधा प्रयोग मला माहीत नाही.

पण आज मला भांडणाविषयी बोलायचे नाही. या प्रयोगाच्या तळाशी जी गोष्ट आहे, तीच आज यंत्रात उतरविण्याचा उद्योग जगभर चालू आहे. हे ‘मी’ केले आणि हे माझ्यावर ‘झाले’, हा फरक माणसाला कळतो कसा? आणि तो यंत्राला कळू लागला, तर आपण त्या यंत्राला काय समजावे?

असे पाहा. कचेरीतून पत्र बाहेर पाठविले की त्याची एक स्थळप्रत फायलीत राहते. उद्या उत्तर आले की कारकून ती प्रत काढतो आणि म्हणतो, हां, हे आपल्याच पत्राला आलेले उत्तर. स्थळप्रत नसलेले पत्र आले, तर मात्र तो चष्मा सावरून बसतो. हे कुठून आले? आपला मेंदू हुबेहूब असेच काम करतो. हाताला ‘हल’ असा हुकूम सुटला, की त्या हुकुमाची एक प्रत मेंदूतच राहते. त्या प्रतीवरून मेंदू आधीच अंदाज बांधतो की आता हाताला असे असे लागेल, असे असे दिसेल. प्रत्यक्षात तसेच घडले, तर ती जाणीव तो वजा करून टाकतो. आपलेच काम आहे, त्यात लक्ष घालण्यासारखे काय? अंदाजात न बसलेले जे उरते, ते परक्याचे. म्हणून तर स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या होत नाहीत. काखेत बोट घालण्याआधीच मेंदूने ती गुदगुली खर्ची टाकलेली असते.

शिक्षकांना वर्गात करून पाहता येईल असा दुसरा प्रयोग सांगतो. एक डोळा झाका. उघड्या डोळ्याने समोरच्या भिंतीवर डावीकडून उजवीकडे नजर फिरवा. डोळा फिरला, पण भिंत जागची हलली नाही. आता त्याच डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला पापणीवरून अगदी हलका, बोटाचा नुसता स्पर्श करून डोळा किंचित सरकवा. भिंत हलली! (मुलांना जोर लावू देऊ नका, आणि डोळे आले असतील त्यांनी तर करूच नये.) दोन्ही वेळा डोळाच हलला. पहिल्या वेळी हुकूम डोळ्याच्या स्नायूंना गेला होता, त्याची स्थळप्रत होती. दुसऱ्या वेळी डोळा बोटाने ढकलला. डोळ्याच्या फायलीत त्याची प्रत नाही, म्हणून मेंदूने ठरविले की ज्या अर्थी मी हललो नाही, त्या अर्थी जगच हलले असले पाहिजे. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच या गोष्टीचा विचार करून ठेवला होता. पुढे 1950 साली होल्स्ट आणि मिटेलश्टेट या दोघांनी तीच कल्पना माशीवर पक्की केली. माशीचे डोके उलटे फिरवून बसविले, की ती जागच्या जागी गरगरत राही. कारण हुकुमाची प्रत एक सांगे आणि डोळे बरोबर उलटे सांगत. बिचारीचा हिशेब काही केल्या जुळेना.

आता तुमच्या ध्यानात आले असेल. ‘मी’ हा शब्द आपण फार मोठा मानतो, आणि तो मोठा आहेच. पण त्याचा अगदी पहिला, खालचा पदर म्हणजे हा जमाखर्च. काय मी केले, काय मजवर आले. हा जमाखर्च बिघडला तर काय होते, हेही डॉक्टरांनी पाहिले आहे. काही मानसिक आजारांत माणसाचा हात त्याचाच असतो, हलवतोही तोच, पण तो कळवळून सांगतो की हा हात दुसरे कोणी तरी हलवीत आहे. असे सांगणाऱ्याला घरच्यांनी हसू नये, मारू नये आणि भगताकडेही नेऊ नये, डॉक्टरकडे न्यावे. तो खोटे बोलत नसतो. त्याच्या स्थळप्रती गहाळ होत असतात.

बरे, हा हिशेबच असेल तर तो यंत्राला का शिकविता येऊ नये?

यंत्र स्वतःवर ताबा ठेवते, ही गोष्ट आपल्या खालापूर-कर्जत भागाला नवी नाही. चौकहून खोपोलीला जाताना डोंगरावरून उतरणारे ते जाड नळ तुम्ही पाहिले असतील. टाटांचे खोपोलीचे वीजघर 1915 साली सुरू झाले. वर लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली येते आणि चाकाच्या वाट्यांवर फवाऱ्यासारखे आदळते. चाक फिरते, वीज होते, वीज मुंबईला जाते आणि पाणी पाताळगंगेला मिळते. पण मुंबईत एकदम पुष्कळ गिरण्या बंद झाल्या, विजेचा उठाव घटला, तर? ओझे उतरलेल्या बैलासारखे ते चाक उधळेल. तसे होऊ नये म्हणून तिथे गव्हर्नर नावाची रचना असते. (नावावरून लाटसाहेब डोळ्यांपुढे आणू नका.) वेग वाढला की ती पाण्याची धार कमी करते, वेग घटला की धार सोडते. माणसाने हात लावावा लागत नाही. वाफेच्या इंजिनावर जेम्स वॅटने 1788 मध्ये असा नियामक बसविला होता. गव्हर्नर या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत आहे आणि त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. 1948 साली नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने यंत्रांच्या आणि प्राण्यांच्या नियंत्रणावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावासाठी त्याने मुद्दाम तोच ग्रीक शब्द उचलला.

तेव्हा ताबा हा ‘मी’शिवाय असू शकतो. खोपोलीच्या गव्हर्नरला वेग कळतो, पण तो वेग कशाने बदलला, आपण धार सोडल्याने की मुंबईतला उठाव घटल्याने, हे त्याला कळत नाही. कळण्याची गरजही नाही. त्याच्याजवळ स्थळप्रतीची फाईलच नाही.

ही फाईल यंत्राला देण्याची गोष्ट आता सांगतो. आरंभ थोडा गमतीचा आहे. 1948-49 च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या मेंदूच्या अभ्यासकाने दोन यांत्रिक कासवे तयार केली. नावे ठेवली एल्मर आणि एल्सी. कासवाला तीन चाके, उजेड टिपणारा एक डोळा आणि कपाळावर एक बारीक दिवा. उजेड दिसला की ते तिकडे वळे आणि वळणे थांबले की कपाळाचा दिवा विझे. हे कासव आरशासमोर आले, तेव्हा त्याला आपलाच दिवा आरशात दिसला. दिसला म्हणून तो विझला, विझला म्हणून दिसेनासा झाला, दिसेनासा झाला म्हणून पुन्हा लागला. कासव आरशापुढे लुकलुकत नाचू लागले. वॉल्टरने लिहिले की हेच एखाद्या प्राण्याने केले असते, तर लोकांनी त्याला स्वत्वाची जाणीव आहे असे म्हटले असते. मला मात्र हे कासव पाहून मोटारसायकलच्या आरशावर चोचा मारणारी चिमणी आठवते. आरशापुढे नाचणे वेगळे आणि आरशातला तो मीच हे उमगणे वेगळे. 1970 साली गॅलप या मानसशास्त्रज्ञाने चिंपांझी माकडांच्या कपाळावर, ती बेशुद्ध असताना, रंगाचा ठिपका लावला. शुद्धीवर आल्यावर आरसा पाहताच त्यांचा हात आरशाकडे न जाता आपल्याच कपाळाकडे गेला. चिमणी ते करीत नाही. कासवही करणार नव्हते.

खरी उडी पुढे पडली. 2006 साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात बोंगार्ड, झिकॉव्ह आणि लिप्सन यांनी चार पायांचे एक यंत्र केले. त्याला आपण कसे आहोत, पाय किती, कुठे जोडलेले, हे सांगितलेच नव्हते. ते यंत्र थोडी हालचाल करी, अंग कसे कलले ते मोजी, आणि त्यावरून ‘मी असा असेन की तसा असेन’ अशी आपलीच चित्रे मनाशी, म्हणजे हिशेबात, मांडी. चुकीची चित्रे खोडून बरोबर चित्र उरले, की त्या चित्रावर चालण्याची तालीम करी आणि मगच प्रत्यक्ष चाले. मग संशोधकांनी त्याचा एक पाय काढून आखूड केला. यंत्र चालले, पण अंदाज आणि अनुभव जुळेनात. तेव्हा त्याने आपले चित्र दुरुस्त केले आणि आखूड पाय धरून नव्या चालीने चालू लागले. कोणी त्याला लंगडायला शिकविले नव्हते. 2022 साली लिप्सन यांच्याच गटाने, आता कोलंबिया विद्यापीठात, यंत्राचा एक हात पाच कॅमेऱ्यांच्या मध्ये ठेवला. त्या हाताने सुमारे तीन तास वाकडेतिकडे हलून, स्वतःला पाहून, आपण किती जागा व्यापतो याचे चित्र आपणच तयार केले. पाळण्यातले मूल आपली मूठ डोळ्यांपुढे धरून तासन्‌तास पाहत असते, ते आठवा. आई म्हणते, बाळ खेळतंय. बाळ आपला नकाशा काढीत असते.

याचा उपयोग उघड आहे. ज्या यंत्राला आपले अंग ठाऊक आहे, ते वाटेतल्या माणसाला धडकणार नाही. आपण ढकलले गेलो की आपण चाललो, हे ज्याला कळते, ते चिखलात चाक घसरले तरी गोंधळणार नाही. चाकण-पुण्याच्या कारखान्यांत आज माणसांच्या शेजारी उभे राहून काम करणारे यांत्रिक हात आहेत. कोणी आडवे आले की त्यांना थांबावे लागते. अनपेक्षित दाब लागला, म्हणजे मी न केलेले काही तरी झाले, म्हणून थांब, इतका जमाखर्च तिथे जीव वाचवितो.

पण मग त्या यंत्राला ‘मी’ आहे असे म्हणायचे का? इथे मला, तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या माणसाला, थोडे बोलू द्या. आपल्या न्यायसूत्रांत आत्मा ओळखण्याच्या खुणा सांगितल्या आहेत: इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान. ही यादी समोर ठेवून त्या चार पायांच्या यंत्राकडे पाहा. प्रयत्न आहे, यात शंका नाही. स्वतःविषयीचे एक प्रकारचे ज्ञानही आहे. इच्छेच्या जागी आपण दिलेले ध्येय आहे. पण सुख आणि दुःख? पाय आखूड झाल्यावर ते लंगडले; ते कण्हले नाही. कण्हण्याचा आवाज त्याच्यात भरता आला असता, पण आवाज म्हणजे वेदना नव्हे. सांख्यांनीही अहंकार, म्हणजे ‘मी करतो’ म्हणणारे तत्त्व, वेगळे काढले आणि ज्याला अनुभव येतो तो पुरुष त्याहून निराळा ठेवला. सांख्यांचे सगळेच मला पटते असे नाही. पण ‘मी केले’ असा हिशेब ठेवणारा आणि ‘मला लागले’ असे भोगणारा हे दोन वेगळे असू शकतात, ही त्यांची फोड आज यंत्रांकडे पाहताना फार कामाला येते. 2023 साली काही शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ यांनी मिळून जाणिवेच्या निरनिराळ्या उपपत्ती घेतल्या आणि त्यांच्या कसोट्या त्या वेळच्या यंत्रांना लावल्या. निष्कर्ष असा निघाला की जाणीव असलेले म्हणून भक्कमपणे पुढे करावे असे यंत्र त्यांत नाही. पण पुढे ते होऊच शकणार नाही, असे सांगण्यासारखा उघड अडथळाही नाही. मला हा निष्कर्ष प्रामाणिक वाटतो, मग तो ऐकायला कितीही अर्धवट वाटो.

आतापर्यंत ज्यांची गोष्ट झाली, त्या यंत्रांना निदान अंग तरी होते. पण आज तुमच्याआमच्या हातात जे यंत्र आले आहे, त्याला अंगच नाही, आणि ‘मी’ मात्र त्याच्या तोंडी सारखा आहे. मी फोनमधल्या बोलक्या यंत्राविषयी बोलतो आहे.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेने मला एक निबंध दाखविला. विषय होता ‘मी पाहिलेला इर्शाळगड’. मुलाने तो फोनला विचारून उतरवून आणला होता, हे बाईंनी पहिल्याच ओळीत ओळखले. भाषा शुद्ध होती. “मी धापा टाकीत माथ्यावर पोहोचलो आणि गार वाऱ्याने माझा शीण गेला,” असे त्यात होते. धापा टाकायला छाती लागते. पण बाईंना खटकले ते निराळेच. पानभर निबंधात गडाची हिरवळ होती, ढग होते, धबधबे होते. इर्शाळवाडीचा शब्द नव्हता. 19 जुलै 2023 च्या रात्री त्या गडाच्या कुशीतली ठाकरवाडी दरडीखाली गेली. चौकातून मान वर केली की तो डोंगर दिसतो. या मुलुखातले मूल गडावर निबंध लिहील आणि ती रात्र त्याच्या लेखणीत येणार नाही, हे होणे नाही. बाईंनी मुलाला रागावले नाही. त्याला म्हणाल्या, “आता हाच निबंध तू मला सांग.” मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने जे सांगितले, ते मी इथे लिहीत नाही.

घरी येऊन मी माझ्या फोनवर तशाच यंत्राला तसाच निबंध लिहावयास सांगितला. तेही धापा टाकीत चढले. मी विचारले, “तू खरंच चढला होतास का?” लगेच उत्तर आले, माफ करा, मला शरीर नाही, मी कोठेही जाऊ शकत नाही. आपण म्हणू, चला, खरे तरी बोलले! पण नीट पाहिले तर दोन्ही वाक्ये एकाच रीतीने तयार झाली होती. माणसांनी लिहिलेल्या अपार मजकुरावरून या शब्दानंतर कोणता शब्द शोभेल, हे शिकून ते यंत्र बोलते, आणि अशा प्रश्नाला असे उत्तर द्यावे हेही त्याला मागाहून शिकविलेले असते. निबंधात ‘मी’ शोभतो म्हणून ‘मी’ आला. माफीत नम्रता शोभते म्हणून ती आली. चार पायांच्या यंत्राने ‘मी’ हा शब्द कधी उच्चारला नव्हता, पण त्याच्या हिशेबात ‘मी’ची एक जागा होती आणि पाय आखूड केला तर ती जागा दुरुस्त होत होती. बोलक्या यंत्राच्या तोंडचा ‘मी’ हा व्याकरणातला प्रथम पुरुष. त्याच्या मागे काही हिशेब आहे का, असला तर किती, याचा शोध चालू आहे. पण नुसत्या बोलण्यावरून तो ठरविता येत नाही. गोड बोलणाऱ्या पाहुण्याला आपण लगेच घराच्या किल्ल्या देत नाही, तसेच हे.

किल्ल्यांची गोष्ट मी उगाच काढली नाही. ही बोलकी यंत्रे आता नुसती बोलत नाहीत. त्यांना कामे करण्याचा अधिकार दिला जाऊ लागला आहे. तिकीट काढ, पत्राला उत्तर दे, माल मागव, पैसे भर. इंग्रजीत अशा यंत्राला एजंट म्हणतात. आपल्याला याहून नेमका शब्द ठाऊक आहे: मुखत्यार. जमिनीच्या व्यवहारात कुलमुखत्यारपत्र म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. मुखत्याराने केलेली सही मालकाला बांधते. मुंबईजवळच्या या तालुक्यांत जमिनीचे भाव चढल्यापासून त्या कागदापायी किती घरे भांडली, हे सांगायला नको.

आता यंत्र मुखत्यार झाले आणि चुकले, तर कोणी भरून द्यायचे? कॅनडात हा प्रश्न खरोखरीच न्यायाधिकरणापुढे आला. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील बोलक्या यंत्राने एका प्रवाशाला, त्याच्या घरी मृत्यू झालेला असताना, भाड्याच्या सवलतीविषयी चुकीची माहिती दिली. प्रवाशाने त्यावर विसंबून तिकीट काढले आणि कंपनीने सवलत नाकारली. कंपनीच्या म्हणण्याचा सारांश असा होता की ते यंत्र आपल्या वागण्याला आपणच जबाबदार आहे. पाहा हं, यंत्राला ‘मी’ देण्याची एवढी घाई कोणत्याही तत्त्वज्ञाला झाली नव्हती! न्यायाधिकरणाने फेब्रुवारी 2024 मध्ये हे म्हणणे फेटाळले आणि कंपनीलाच भरपाई द्यावयास लावली. संकेतस्थळ तुमचे, त्यावरची माहितीही तुमची.

‘रोबो’ किंवा ‘रोबॉट’ या शब्दाचा जन्म इथे आठवण्यासारखा आहे. कारेल चापेक या चेक लेखकाने 1920 साली लिहिलेल्या नाटकात तो प्रथम आला, आणि तो सुचविला त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराकडे फुकट राबणे. थोडक्यात, वेठ. आपल्या कुलाबा जिल्ह्यात, खोतांच्या काळात, वेठ म्हणजे काय हे म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या सांगण्यातून आपल्या कानांवर आलेले आहे. वेठीला धरलेल्या माणसाजवळ ‘मी’ पुरेपूर होता. त्याच्या हातात ताबा तेवढा नव्हता. आपण आज करीत आहो ते याच्या बरोबर उलट आहे.

म्हणून मला स्वतःला, यंत्राला ‘मी’ कधी येईल यापेक्षा, त्याच्यावरचा ताबा कोणाकडे राहील हा प्रश्न आजचा वाटतो. आणि हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. लोक म्हणतात, बिघडले तर बटण बंद करू. पण विचार करा. तुम्ही पंपावर एक हुशार यंत्र बसविले आणि त्याला एकच काम सांगितले की टाकी भरलेली ठेव. त्याला आजूबाजूचे सारे समजते आणि पुष्कळसे करताही येते. मग कोणी बटण बंद केले की टाकी भरणार नाही, इतका हिशेब ते करीलच. बटण बंद होऊ न देणे हा मग त्याच्या कामाचाच एक भाग होऊन बसतो. त्याला जिवाची आशा आहे म्हणून नव्हे. त्याला भीतीही नाही. केवळ सांगितलेले काम पुरे करायचे म्हणून. स्टुअर्ट रसेल या संगणकशास्त्रज्ञाने हा धोका दाखवून त्यावर उपाय सुचविला आहे तो असा: यंत्राला माणसाच्या हेतूविषयी पक्की खात्री असूच नये. मालकाने बटणाकडे हात नेला, म्हणजे माझीच काही समजूत चुकली असावी, असे त्याने मानावे. चांगला गडी असाच असतो. धन्याने थांब म्हटले की तो नांगर थांबवितो आणि मागे वळून पाहतो. हे यंत्रात उतरविण्याचे गणित अजून पुरते सुटलेले नाही.

आपल्या राज्याच्या कृषी विभागाने 2025 मध्ये महाविस्तार नावाचे ॲप आणले. त्यात शेतकऱ्याला मराठीत प्रश्न विचारता येतात. चांगली गोष्ट आहे. विचारा, जरूर विचारा. पण असे कोणतेही यंत्र औषधाचे प्रमाण सांगेल, तेव्हा डब्यावरचा कागद आणि कृषी खात्याचा माणूस या दोघांना विचारून मगच फवारा. आणि पैसे भरणे, अंगठा देणे, कागद पाठविणे ही कामे यंत्राच्या हाती सोपविण्याआधी एक करून पाहा. लहानसे, नुकसान न होणारे काम द्या आणि ते अर्ध्यात असताना थांबवा. थांबते का? थांबल्यावर काय काय केले ते खरे सांगते का? “मी थांबेन” असे त्याने म्हणणे पुरेसे नाही.

ही रीत मी शोधून काढलेली नाही. आपल्या घाटात ती कित्येक वर्षे चालू आहे. बोरघाटातला लोहमार्ग 1863 साली सुरू झाला. चढ सदतिसास एक. पुण्याकडून येणारी गाडी खंडाळ्याहून कर्जतकडे उतरू लागली, की मध्येच मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी ती थांबते. तिथे ना गाव, ना बाजार. नवखा प्रवासी खिडकीतून डोके काढून विचारतो, “काय हो, गाडी का थांबली?” ती थांबली, कारण तिला थांबता येते हे तिने दाखवायचे असते. घाटात उताराच्या मार्गाला जोडून एक दुसरा फाटा काढलेला असतो आणि तो डोंगराच्या बाजूने वर चढत जातो. रुळांचे सांधे नेहमी त्या फाट्याकडेच लावलेले असतात. गाडी ब्रेकच्या ताब्यात येऊन उभी राहिली, तरच सांधा बदलतो आणि खालची वाट मोकळी होते. न थांबणारी गाडी आपोआप त्या चढावर जाते आणि तिथे तिचा वेग मरतो. ड्रायव्हर शहाणा आहे की नाही, इंजिन नवे आहे की जुने, याची चौकशी कोणी करीत नाही. गाडी उभी राहते, सिग्नल पडतो, सांधा खट्‌ करून फिरतो, आणि मग ती हळूहळू कर्जतकडे उतरू लागते.